लघुरेल्वेचा देखावा : एका गरीब कलेचा इतिहास

दिवाळी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतील अंगणांत मुलांची एक विशेष लगबग सुरू होते. कोठून तरी दगडविटा गोळा होतात, त्यांवर ओलें गोणपाट पसरलें जातें, गोणपाटावर चिखलाचा लेप बसतो, आणि दोन दिवसांच्या आंत बुरूज, तट, गुहा व पायवाटा यांसह एक किल्ला उभा राहतो. चिखल ओला असतांनाच त्यावर अळीव किंवा मोहरी पेरितात. थोड्याच दिवसांत उतारांवर हिरवळ दाटते. ह्या साऱ्या खटाटोपास खर्च म्हणाल तर जवळजवळ कांहींच नाहीं. आम्हींही लहानपणीं हा उद्योग केलेला आहे. परंतु दूर इंग्लंड-अमेरिकेंत पोक्त वयाचे गृहस्थ हाच उद्योग कागद, जाळी व प्लास्टर घेऊन वर्षानुवर्षें करीत आलेले आहेत, आणि त्या उद्योगास स्वतःचा एक इतिहास आहे, हें आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें. हे गृहस्थ किल्ला करीत नाहींत; खेळण्यांतल्या आगगाडीसाठीं डोंगर, दरी, शेत आणि गांव करितात.

लहान आगगाडीचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ते सांगतात तो एंजिनांचा, डब्यांचा व रुळांचा. ज्या डोंगरांतून ती गाडी जाते त्या डोंगराची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें ती कथा अधिक बोधप्रद आहे. एंजिन हें आरंभापासून दुकानांत मिळत असे. डोंगर मात्र फार काळपर्यंत विकत मिळत नव्हता. तो ज्याचा त्यानें, घरांत पडलेल्या टाकाऊ वस्तूंतून करावा लागे. आणि विकत मिळत नसल्यामुळेंच तो करण्यापूर्वीं खऱ्या डोंगराकडे डोळे उघडून पाहावें लागे. ह्या कलेचें जें कांहीं मोठेपण आहे तें तिच्या गरिबींतून आलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तेंच येथें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

मुलुखाची लहान प्रतिकृति करण्याची हौस आगगाडीहून फार जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकीर्दींत, लूव्वा या युद्धमंत्र्याच्या प्रेरणेनें, १६६८ सालापासून तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृति तयार होऊं लागल्या. बहुतेकांचें प्रमाण सहाशांस एक असे. लाकडाच्या बैठकीवर कागद, रेशीम व वाळू यांच्या साहाय्यानें घरें, झाडें व शेतें दाखवीत. वेढा पडल्यास तोफा कोठें ठेवाव्या आणि तट कोणत्या बाजूनें दुबळा आहे, हें राजास टेबलावरच समजावें हा त्यांचा उपयोग होता. त्यांतील पुष्कळ प्रतिकृति पॅरिस येथील अँव्हालीदच्या वास्तूंत आजही पाहावयास मिळतात. ही झाली ह्या कलेची राजघराण्यांतील शाखा.

दुसरी शाखा देवघरांतील आहे. नाताळच्या सुमारास येशूच्या जन्माचा देखावा मांडण्याची चाल युरोपांत शेंकडों वर्षें आहे, आणि इटलींतील नेपल्स शहरीं अठराव्या शतकांत ती भरास आली. तेथें राजवाड्यापासून सामान्याच्या घरापर्यंत हे देखावे होत. खडकासाठीं बुचाच्या झाडाची साल, गवतासाठीं शेवाळ, भिंतींसाठीं लांकडाचे तुकडे, असें त्याचें साहित्य. गंमत अशी कीं, प्रसंग बेथलेहेमचा असला तरी भोंवतालीं उभा राही तो नेपल्सचाच बाजार : तेथील खानावळी, कोळी, भाजीवाले आणि भिकारी. कारागिरानें बेथलेहेम पाहिलें नव्हतें. आपली गल्ली मात्र रोज पाहिली होती, आणि हातांस जें ठाऊक होतें तेंच त्यांनीं घडविलें. पुढें आगगाडीच्या देखाव्यानें जो वारसा उचलला तो ह्या शाखेचा. बुचाची साल आणि शेवाळ हीं द्रव्यें तर जशींच्या तशीं उतरलीं.

आगगाडी मात्र प्रथम उघड्या जमिनीवरच धांवली. जर्मनींतील मेर्क्लिन ह्या कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापाचे, पुढें वाढवितां येण्याजोगे रूळ व गाड्या मांडल्या. १९१० सालीं लंडनमध्यें ह्या छंदाचा क्लब स्थापन झाला. १९२० सालीं लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनें आपल्या चावीच्या गाड्या बाजारांत आणल्या. पण त्या काळच्या गाड्या मोठ्या. दुपारीं दिवाणखान्याच्या गालिच्यावर रूळ मांडावे आणि रात्रीं पेटींत भरून ठेवावे, असा रिवाज. जो मार्ग संध्याकाळीं उचलावयाचा त्याच्या कडेला डोंगर कोण घालील ? रंगविलेल्या पत्र्याचें एक स्टेशन आणि फार तर एक बोगदा, एवढ्यावर देखाव्याची हौस भागे.

गाड्या लहान झाल्या तेव्हां ही स्थिति पालटली. खऱ्या एका फुटास चार मिलिमीटर हें माप इंग्लंडांत रुळलें. म्हणजे मूळ वस्तूच्या शहात्तराव्या हिश्शाएवढी प्रतिकृति. ह्या मापांत साडेपांच फूट उंचीचा मनुष्य अवघा २२ मिलिमीटर भरतो. तरीसुद्धां खरा एक मैल दाखवावयाचा झाल्यास २१ मीटरांहून अधिक जागा लागते, यावरून लहान घरांतील छंदिष्टाची अडचण ध्यानांत येईल. त्यास सारें जग मांडणें शक्य नव्हतें; जगांतला एक कोपरा निवडणें भाग होतें. ही निवड करावी लागली आणि तेथेंच कलेस आरंभ झाला.

ह्या बाबतींत ज्याचें नांव प्रथम घ्यावें असा पुरुष म्हणजे लंडनचा जॉन अहर्न. १९३० नंतरच्या दशकांत त्यानें ‘मॅडर व्हॅली’ नांवाची एक काल्पनिक दरी आपल्या घरीं उभारण्यास घेतली. दरी काल्पनिक, पण तींतील घरें निरनिराळ्या गांवीं पाहिलेल्या खऱ्या घरांवरून केलेलीं. तोंपर्यंत बहुतेक छंदिष्ट आधीं रूळ घालीत आणि उरलेल्या जागेंत चार झाडें लावीत. अहर्ननें हा क्रम उलटविला. त्याच्या दरींत गांव आधींचें आणि आगगाडी मागाहून आलेली, असें पाहणारास वाटतें. गाडी वळण घेते तें टेकडी आडवी आली म्हणून. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या वेळीं ती नवी होती. पुढें त्यानें लहान इमारती कशा कराव्या आणि लहान भूमि कशी घडवावी यांवर पुस्तकें लिहिलीं. त्यांपैकीं भूप्रदेशावरील पुस्तक १९५१ सालचें आहे.

हा काळ टंचाईचा होता. १९३९ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत धातु युद्धाकडे गेली, खेळण्यांचे कारखाने दुसऱ्या कामास जुंपले गेले, आणि युद्ध संपल्यावरही इंग्लंडांत शिधावाटप १९५४ पर्यंत चालू राहिलें. अशा वेळीं नवें एंजिन मिळणें कठीण. पण खोकीं, रद्दी, भुसा आणि चहाचा चोथा यांवर कोणाचें नियंत्रण नव्हतें. छंदिष्टांचे हात देखाव्याकडे वळण्यास हेंही एक कारण झालें असावें, असा आमचा तर्क आहे.

आतां ह्या गरिबांच्या डोंगराची कृति थोडक्यांत सांगतों. प्रथम लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करावा. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसली तारेची जाळी ठोकावी. तीही परवडत नसेल तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्याआडव्या विणाव्या, किंवा नुसते वर्तमानपत्राचे बोळे रचावे. त्यांवर पिठाच्या खळींत भिजविलेल्या कागदाचे थर बसवावे, आणि ते वाळल्यावर प्लास्टर द्यावें. अमेरिकेंत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनीं ह्या रीतींत एक सुधारणा लोकप्रिय केली. हात पुसण्याचे जाड कागद पातळ प्लास्टरांत बुडवून ते बोळ्यांच्या राशीवर पसरावयाचे. कवच घट्ट झालें कीं खालचे बोळे काढून टाकावयाचे. पाव इंचाहूनही पातळ असें हें कवच स्वतःच्या बळावर उभें राहतें. आंत पोकळ, वजनास हलकें, आणि बोगद्यांत गाडी अडकल्यास खालून हात घालण्यास मोकळें.

हें कसें घडतें तें पाहण्याजोगें आहे. जिप्सम नांवाचा खनिज दगड सुमारें १५० अंश उष्णतेवर भाजला म्हणजे त्यांतील तीनचतुर्थांश पाणी निघून जातें व भुकटी होते. तीच प्लास्टर ऑफ पॅरिस. त्या शहरांतील माँमार्त्रच्या टेकडींत ह्या दगडाच्या खाणी होत्या, म्हणून हें नांव. भुकटींत पुन्हां पाणी मिसळलें कीं ती आपलें गमावलेलें पाणी परत घेते, सुयांसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात, मिश्रण गरम होतें आणि दगड पुन्हां दगड होतो. जुन्या कारागिरांचे नियम याच गुणावर बसविलेले आहेत. भुकटी पाण्यांत सोडावी, पाणी भुकटींत ओतूं नये, नाहींतर गुठळ्या होतात. भांडें दर वेळीं स्वच्छ धुवावें, कारण जुन्या प्लास्टरचा कण राहिला तर नवें मिश्रण वेळेआधींच आवळतें. सावकाश आवळावयास हवें असेल तर किंचित् शिरका घालावा. आणि रंग वरून फांसण्यापेक्षां मिश्रणांतच कालवावा, म्हणजे टवका उडाला तरी पांढरें दिसत नाहीं.

जमिनीच्या रंगासाठीं रंगाची पूड व कोरडें प्लास्टर एकत्र करून चाळणींतून ओल्या पृष्ठभागावर भुरभुरवीत. गवतासाठीं लाकडाचा भुसा चाळून, रंगवून, डिंकावर टाकीत. कुंपणासाठीं घोसाळ्याची वाळलेली जाळी कापून रंगवीत. झाडाचा बुंधा तारांच्या पिळाचा, आणि पानें आपल्या मसाल्यांतील दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीचीं. ती वाळून चुरा होऊं नये म्हणून ग्लिसरिनांत भिजवून ठेवीत. खडकासाठीं बुचाची साल, किंवा चुरगळलेल्या धातुपत्राच्या सांच्यांत ओतलेलें प्लास्टर. ओढ्याचें पाणी म्हणजे रंगविलेल्या तळावर व्हार्निशचे एकावर एक दिलेले हात. ह्या यादींत पैशानें घ्यावयाचें असें फारच थोडें आहे.

परंतु यादी पाठ झाल्यानें डोंगर होत नाहीं. भुसा सगळा एकाच हिरव्या रंगांत बुडविला तर तो भुसाच दिसतो. खऱ्या कुरणांत पिवळा, तांबूस, राखी असे अनेक रंग असतात हें ज्यानें पाहिलें त्याचाच भुसा गवत होतो. लहान वस्तूस खऱ्या वस्तूचा भडक रंग दिला तर ती खेळणें वाटते, कारण आपण तिच्याकडे जणूं दुरून पाहत असतों आणि दुरून रंग फिके पडतात. पाणी उतारावरून कोठून वाहील, त्यानें माती कोठें धुपेल, खडकाचे थर कोणत्या दिशेस कललेले असतील, पायवाट कोठें तुडवली जाईल, हे प्रश्न ज्यास पडत नाहींत त्याचें प्लास्टर कितीही उत्तम असो, त्याचा डोंगर ढीगच राहतो.

हें पाहणें किती मोलाचें ठरूं शकतें याचें उदाहरण रॉय इंग्लंड ह्या मनुष्याच्या चरित्रांत आहे. हा तरुण १९२५ सालीं ऑस्ट्रेलियांतून इंग्लंडांत आला आणि स्विंडन शहराजवळच्या ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ ह्या दरीच्या प्रेमांत पडला. चुनखडी दगडांचीं, गवती छपरांचीं जुनीं घरें तेथें गांवोगांव होतीं. आणि तीं त्याच्या डोळ्यांदेखत पडत होतीं, किंवा नव्या पत्र्यांनीं व नव्या खिडक्यांनीं विद्रूप होत होतीं. घरें वाचविण्याइतका पैसा त्याच्यापाशीं नव्हता. १९३१ च्या सुमारास त्यानें ठरविलें कीं, आपण तीं पुठ्ठ्यांत वाचवूं. तेव्हांपासून तो खेड्यांतून हिंडे, घरांचीं मापें घेई, रंग टिपी, आणि फुटास चार मिलिमीटर ह्या मापानें त्यांच्या प्रतिकृति करी. भिंती पुठ्ठ्याच्या; प्रत्येक दगड वेगळा कोरलेला व जलरंगानें वेगळा रंगविलेला. छपरासाठीं नळाचे सांधे बंद करण्याचा ताग. बागेंतलीं फुलें कागदाचीं. एकेका घरास महिने लागत.

१९५४ सालीं लाँग विटेनहॅम ह्या गांवीं त्यानें पेंडन म्युझियमची स्थापना केली. स्वतः अतिशय साधेपणानें राहून, साथीदार मिळवून, त्यानें १९२० ते १९४० या काळांतील ती दरी तेथें हळूहळू उभी केली. १९९५ सालीं तो वारला. काम त्याच्या मागेंही स्वयंसेवकांनीं चालू ठेविलें आहे. आगगाडी तेथें आहेच, पण ती त्या दरीची एक रहिवासी म्हणून. मूळ घरांपैकीं कित्येक आतां पूर्वींसारखीं राहिलेलीं नाहींत. त्यांचा एकेक दगड मात्र पुठ्ठ्यावर आहे. इतिहासकार कागदपत्रांतून गतकाळ जमवितात. ह्या मनुष्यानें तो ताग, पुठ्ठा आणि जलरंग यांतून जमविला, आणि आम्ही त्यास इतिहासकार म्हणण्यास कचरत नाहीं. १९६१ सालीं अहर्न वारल्यावर त्याची मॅडर व्हॅलीही ह्याच म्युझियममध्यें आली. एकाची कल्पिलेली दरी आणि दुसऱ्याची आठवलेली दरी अशा एका छपराखालीं नांदत आहेत.

अमेरिकेंत ह्याच कलेचें दुसरें टोंक दिसतें. कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें जॉन अॅलन नांवाच्या छायाचित्रकारानें आपल्या घराच्या तळघरांत एक पर्वतमय रेल्वे उभारली. जमिनीपासून छतापर्यंत चढलेले कडे, खोल दऱ्या, आरसे लावून लांबविलेले देखावे, आणि धूळ-गंज-धूर यांनीं म्हातारीं झालेलीं घरें, यांबद्दल ती सर्व देशांत गाजली. द्रव्य मात्र मुख्यतः तेंच : लाकूड, जाळी आणि प्लास्टर. १९७३ च्या जानेवारींत अॅलन वारला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत घरास आग लागून तें काम जवळजवळ सर्व नष्ट झालें. आज त्याचीं छायाचित्रें तेवढीं आहेत. तरीपण त्याची रीत जळाली नाहीं. ती मासिकांतून इतकी पसरली होती कीं, एका घरांतला डोंगर गेला आणि हजारों घरांत त्याचीं पिल्लें राहिलीं. जी विद्या स्वस्त द्रव्यावर चालते ती सहज पसरते, आणि पसरलेली विद्या एका आगीनें मरत नाहीं.

त्यानंतर दुकानांत डोंगर मिळूं लागला. १९७५ सालीं स्थापन झालेल्या ‘वुडलँड सीनिक्स’ ह्या अमेरिकन कंपनीनें फोमचा रंगीत चुरा पिशव्यांतून विकण्यास आरंभ केला. पुढें विजेच्या साहाय्यानें उभे राहणारे गवताचे तंतु आले, तयार झाडें आलीं, खडकांचे रबरी सांचे आले. यांवर सरसकट नाक मुरडणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. दिवसभर काम करून आलेल्या मनुष्यास भुसा रंगवीत बसण्यास वेळ कोठून असावा ? शिवाय जुनें तें सारेंच सोनें नव्हतें. त्या काळचे कित्येक कारागीर प्लास्टरांत अॅस्बेस्टॉसची पूड मिसळीत. तिचे तंतु फुप्फुसांत शिरून प्राणघातक रोग करितात, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. परंपरा म्हणून तीही चालवावी असें कोणी म्हणणार नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, पिशवीवर ‘उन्हाळी गवत’ असें छापलेलें असलें म्हणजे उन्हाळ्यांतलें गवत पाहण्याचें कारण उरत नाहीं. आणि मग जगांतल्या सगळ्या लहान दऱ्या एकाच कुरणासारख्या दिसूं लागतात.

हा प्रश्न आपल्या दारींही आहे. पुण्यास कोथरूडमध्यें कै. भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं लघुरेल्वेचें जें संग्रहालय उघडलें, तें पाहून घरीं परतणाऱ्या कित्येक मुलांच्या मनांत आपणही अशी एक गाडी मांडावी असें येत असेल. त्यांतील एखाद्यानें बोरघाट करावयास घेतला, तर परदेशी सांच्यांतील आल्प्सचे टोंकदार कडे त्याच्या काय उपयोगाचे ? १८६३ सालीं जो रेल्वेमार्ग ह्या घाटांतून सुरू झाला, तो सदतीस फुटांस एक फूट अशी चढण चढतो. आणि ज्या खडकांतून तो चढतो ते लाव्हारसाचे आडवे थर आहेत, पायऱ्यांसारखे एकावर एक. माथेरानच्या माथ्यावरची माती तांबडी, तेथील १९०७ सालची गाडी दोन फुटी रुळांची. घाटांतलें गवत आषाढांत एक, मार्गशीर्षांत दुसरें, आणि वैशाखांत जवळजवळ नाहींच. हें कोणत्याही पिशवीवर छापलेलें नाहीं. त्यासाठीं गोणपाट, प्लास्टर, गेरू व भुसा घ्यावा, आणि त्याआधीं एकदां खंडाळ्यास जाऊन कड्याकडे स्वस्थ पाहत बसावें.

तसें पाहिलें तर आपल्या मुलांस ह्या विद्येचा पहिला धडा कोणी शिकवावा लागत नाहीं. दिवाळी संपली कीं अंगणांतला किल्ला मोडला जातो, माती बागेंत जाते, गोणपाट वाळत पडतें. पण ज्या मुलानें तो केला त्यानें बुरूज कोठें ठेवावा, वाट कोठून चढवावी, पाणी कोठें सांठेल, याचा चार दिवस विचार केलेला असतो. पुढें तो सिंहगडावर गेला म्हणजे वाट तशीच कां चढते, हें त्याच्या ध्यानांत येतें. रॉय इंग्लंडनें आयुष्यभर केलें तें याहून फार निराळें नव्हतें. मात्र त्यानें तें चार दिवसांवर सोडलें नाहीं, आणि म्हणून एक अख्खी दरी वांचली. आपल्या कोंकणांतील कौलारू घरें आणि देशावरचे चिरेबंदी वाडे आज कोणत्या वेगानें जात आहेत तें वाचकांस सांगणें नलगे. त्यांतील एखाद्याचीं मापें घेऊन तें पुठ्ठ्यांत उतरविण्यास पैसा लागत नाहीं. लागतो तो वेळ, आणि घर उभें आहे तोंवरच त्याजकडे पाहण्याची बुद्धि.